किटण काढल्यावर दातांच्या मुळाशी काळे त्रिकोण दिसायला लागले

जाईजुई

नमस्कार. तीन आठवडे झाले, आरशात पाहिलं की मन खट्टू होतं, म्हणून लिहिते आहे. वय ४४, ठाण्यात राहते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं किटण होतं. जीभ फिरवली की एक सलग खरखरीत भिंत लागायची. ब्रश करताना मधूनमधून रक्त यायचं, पण घरात सगळे "उष्णता झाली असेल" म्हणायचे आणि मीही ते सोडून द्यायचे. गेल्या वर्षी मधुमेह निघाला. शुगरच्या डॉक्टरांनी दात दाखवून या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे गेले.

घराजवळच्या दवाखान्यात एकाच बैठकीत मशीनने सफाई झाली. दोनतीन दिवसांनी सूज उतरल्यावर नीट पाहिलं, तर खालच्या दातांमध्ये हिरडीला लागून तीन काळे त्रिकोण. वर दात एकमेकांना टेकलेले आणि खाली आरपार फट. वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्येही एक बारीक त्रिकोण आहे. भाताची शितं, मेथीचं पान, पेरूची बी, सगळं तिथेच जाऊन बसतं. 'स' म्हणताना हवा निसटते. गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जाते. मी शाळेत शिकवते, दिवसभर मुलांसमोर बोलायचं असतं. आता हसताना हात आपोआप तोंडावर जातो.

परत दवाखान्यात गेले तर "होतं असं, सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. आधी दोन वाक्यं सांगितली असती तर एवढा धक्का बसला नसता, ही माझी खरी तक्रार आहे.

सफाईमुळे हे झालं का? हिरडी परत वाढते का? आणि फटी सिमेंटने बुजवून मिळतात असं ऐकलं आहे, ते करावं का?

सह्यवारा

ताई, आमच्याकडे म्हणूनच कोणी मशीन लावून घेत नाही. मशीनने मुळं ढिली होतात. शेजारच्या काकांनी सफाई केली आणि सहा महिन्यांत खालचे दोन दात हलायला लागले. आईने आयुष्यभर मशेरी लावली, तिचं एक दातही किडलेलं नाही. आता झालं ते झालं, पण पुन्हा मशीन लावू नका असं मनापासून सांगतो.

अबोली

जाईजुई, मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे, म्हणजे पेरिओडोंटिस्ट. तुमचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सह्यवारा, तुमच्या मुद्द्याकडेही येते, कारण ही भीती खूप घरांत आहे आणि तिच्यापायी माणसं दात गमावतात.

दोन दातांच्या मध्ये हिरडीचा एक टोकदार शेंडा असतो. तो हवेत उभा नसतो, त्याच्याखाली हाडाचा आधार असतो. हाड खाली गेलं की शेंडाही मागोमाग खाली जातो, आणि जी मोकळी जागा उरते तिच्यातून तोंडातला अंधार दिसतो. तोच तुमचा काळा त्रिकोण. तिथे काळं काही लागलेलं नसतं.

आता हाड का गेलं? खालच्या पुढच्या दातांमागे, जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. त्या लाळेतल्या खनिजांमुळे दातावरचा मऊ थर काही दिवसांतच दगडासारखा होऊ लागतो, म्हणून किटण सगळ्यात जास्त तिथेच साठतं. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर जंतूंचा थर बसतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि काही जणांत ही सूज आत उतरून हाड खाऊ लागते. ह्यात दुखत नाही. म्हणून दहा-दहा वर्षं पत्ता लागत नाही. शुगर जास्त असेल तर हा सगळा प्रकार वेगाने होतो.

म्हणजे तुमची फट जुनी आहे. ती दोन गोष्टींनी झाकलेली होती: एक किटणाने आणि दुसरी सुजेने. भिंतीतल्या विटांमधला चुना निघून गेला आणि त्या जागी चिखल बसला, तर लांबून भिंत भरलेलीच दिसते. सफाईने चिखल काढला. सुजलेली हिरडीही आठ-पंधरा दिवसांत ओसरून आपल्या खऱ्या उंचीवर आली. तुम्हाला आज जे दिसतंय ती तुमच्या हाडाची खरी पातळी आहे.

>> मशीनने मुळं ढिली होतात

सह्यवारा, त्या मशीनचं टोक कापत किंवा खरवडत नाही. ते सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरतं, त्या कंपनांनी किटण तडकतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. नीट वापरलं तर दाताचं आवरण शाबूत राहतं. तुमच्या शेजारच्या काकांच्या दातांचं हाड आधीच गेलेलं असणार. किटणाने ते दात एकमेकांना बांधल्यासारखे धरले होते, प्लास्टर घातलेल्या हातासारखे. किटण निघालं आणि हलणं जाणवलं. ते तसंच ठेवलं असतं तर उरलेलं हाडही गेलं असतं आणि एक दिवस दात किटणासकट हातात आला असता. मशेरीबद्दल वेगळं लिहिते, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

जाईजुई, तुमची तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. सफाईच्या आधी रुग्णाला आरसा देऊन "हे किटण निघाल्यावर इथे फट दिसेल" असं सांगायलाच हवं. न सांगणं ही आमच्या लोकांची चूक आहे.

फटी लगेच बुजवू नका. आधी दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल उघडी आहे त्याची मोजणी (निरोगी हिरडीत १ ते ३ मिमी असते), आणि त्या दातांचे छोटे एक्स-रे. ते करून इथे लिहा.

ओवी_न्यूजर्सी

माझ्या मुलीला हेच झालं आहे, पण तिचं वय २९ आणि किटणाचा लवलेश नाही! दात पुढेमागे होते म्हणून तिने पारदर्शक अलाइनर (दात हळूहळू सरळ करणारे, दातांवर चढवायचे ट्रे) लावले. दात सरळ झाले आणि वरच्या दोन दातांच्या मध्ये काळा त्रिकोण आला. अबोलीताई, हिचं हाड कसं गेलं?

अबोली

ओवी, तिचं हाड बहुधा जागेवरच आहे. तिच्या दातांचा आकार पाहा. काहींचे पुढचे दात चौकोनी असतात, काहींचे खाली रुंद आणि हिरडीकडे निमुळते. अशा निमुळत्या दातांचा एकमेकांशी स्पर्श फक्त टोकाजवळ होतो. दात एकमेकांवर चढलेले असतात तोवर ते दिसत नाही, सरळ झाले की उघडं पडतं. मोठ्या वयात तारा किंवा अलाइनर लावलेल्यांत साधारण तिघांपैकी एकाला तरी असा त्रिकोण राहतो, त्यामुळे ती एकटी नाही. कधी दातांची मुळं एकमेकांपासून लांब फाकलेली असतात, तेही कारण असतं.

ह्यावर चांगला उपाय आहे आणि तो उपचार चालू असतानाच करायचा असतो. दोन दातांच्या स्पर्शाच्या जागी बारीक पट्टीने किंचित घासतात, एका फटीत दोन्ही दात मिळून जास्तीत जास्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि मग ते दात जवळ आणतात. स्पर्शबिंदूचा स्पर्शपट्टा होतो, तो हिरडीकडे सरकतो आणि शेंड्याला भरायला जागा कमी उरते. घासलेला भाग आवरणाच्या जाडीच्या आत राहतो. तिच्या ऑर्थोडोंटिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, हे विचारा, शेवटचा ट्रे संपायच्या आत.

इथे एक आकडा सांगते, जाईजुई तुम्हालाही लागेल. अमेरिकेतले डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मोजून दाखवलं की दातांचा स्पर्शबिंदू आणि त्याखालचं हाड ह्यांत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर जवळजवळ प्रत्येक जागी, ९८ टक्के ठिकाणी, हिरडी फट पूर्ण भरते. ६ मिमी झालं की ५६ टक्के. ७ मिमीला २७ टक्के. एकेका मिलिमीटरने चित्र असं पालटतं. म्हणून मी "भरून टाका" म्हणायच्या आधी मोजायला सांगते. हे अंतर कमी करायला दोनच दिशा असतात: हाड वर आणणं किंवा स्पर्शबिंदू हिरडीकडे नेणं. सगळीकडे सारखं झिजलेलं हाड वर आणणं आज कोणाच्याही हातात नाही. स्पर्शबिंदू हलवता येतो.

बाभूळकाटा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मला दोन दातांच्या मध्ये फट नाही, पण हिरडीला लागून प्रत्येक दातावर आडवी खाच पडली आहे, कुऱ्हाडीने झाडाला घाव घालावा तशी. नख अडकतं. वरच्या सुळ्यांना आणि त्यामागच्या दाढांना जास्त. गार-आंबट काही चालत नाही. दोनदा भरून घेतलं, दोन्ही वेळा वर्षभरात निघून पडलं. मी रोज दोन वेळा कडक ब्रशने जोर लावून घासतो, स्वच्छतेत कसूर नाही.

अबोली

बाभूळकाटा, हा सख्खा शेजारीच विषय आहे. दाताच्या मानेजवळ आवरण अगदी पातळ असतं, आणि हिरडी थोडी खाली गेली की तिथे मूळ उघडं पडतं, जे आवरणापेक्षा खूप मऊ असतं. कडक ब्रश आडवा चालवला की तिथे करवतीसारखी खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची बहुतेक वेळा डावी बाजू जास्त झिजलेली असते, आरशात पाहून घ्या. त्यात सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी आणि लगेच ब्रश अशी सवय असेल तर आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग आणखी भराभर जातो. रात्री दात चावण्याची सवय असेल तर तीही ह्यात भर घालते असं मानलं जातं. ती तपासून घ्या.

भरलेलं का पडतं? कारण तेच. भरलं, पण ब्रश तोच आणि हात तोच. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे तिरका धरा, छोटी हालचाल करा आणि मग दाताच्या टोकाकडे फिरवा. दोन बोटांत पेनसारखा धरला की जोर लागतच नाही. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन-चार आठवडे सलग वापरावी लागते, तीन दिवसांत निकाल लावू नका. मग पुन्हा भरून घ्या, टिकेल.

जाईजुई, तुमची गार पाण्याची कळही उघड्या मुळांमुळेच आहे, हीच पेस्ट चालेल.

माहेरवाशीण

मी फट बुजवून घेतली आहे, म्हणून अनुभव सांगते. वरच्या चार दातांत काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावलं, भूल वगैरे काही नाही, दीड तासात काम झालं. त्या दिवशी आरशापुढून हलावंसं वाटेना. पण पहिल्या ठिकाणी दातांच्या कडेला हिरडीखाली थोडी पायरी राहिली होती. फ्लॉसचा दोरा तिथे अडकून फाटायचा. सहा महिन्यांत हिरडी लाल, रोज रक्त. दुसऱ्या डॉक्टरांनी ते काढून नव्याने केलं, साचा लावून, कड गुळगुळीत करून. आता दोन वर्षं झाली. चहा आणि हळदीने कडा थोड्या पिवळ्या होतात, वर्षातून एकदा पॉलिश करावं लागतं. ताई, करून घ्याल तेव्हा उठण्याआधी डॉक्टरांसमोरच फ्लॉस घालून बघा. दोरा न फाटता सरकला तरच खुर्चीवरून उतरा.

अबोली

माहेरवाशीण, दोऱ्याची ही परीक्षा मी आता माझ्या रुग्णांनाही सांगणार आहे.

सह्यवारा

डॉक्टर, मी रागावलो नाही, उलट वाचून काळजी वाटली. आईचं मशेरीचं सांगणार होतात.

अबोली

हो. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू. आपल्याकडे कितीतरी आया-आज्या तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासायची पूड मानतात. सकाळी लावायची, मग दुपारी कामं उरकल्यावर, मग रात्री. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त येत नाही. हिरडी फिकट, घट्ट, "चांगली" दिसते आणि आत हाड जात राहतं. रक्त ही हिरडीची हाक असते, मशेरी ती हाकच बंद करते. दात किडलेला नाही हे खरं असेल, पण कीड आणि हाडाची झीज हे दोन वेगळे आजार आहेत. पूर्ण निरोगी, पांढरेशुभ्र दात मुळासकट हलून पडलेले मी पाहिले आहेत.

शिवाय जिथे मशेरी ठेवली जाते तिथे ओठाच्या आत पांढरा चट्टा येतो का, ते बोटाने ओठ ओढून पाहा. तो कॅन्सरपूर्व असू शकतो. हे घाबरवायला लिहीत नाही. त्यांना एकदा घेऊन जा. तुम्ही मुंबईकडे असाल तर नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्जेस आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जास्त लागतो, पण खर्च खाजगीच्या मानाने फार कमी आणि तपासणी नीट होते.

आणि त्यांच्या हातातून डबी हिसकावू नका. सकाळी पोट साफ होत नाही म्हणून लावते असं त्या सांगतील, ती सवय खरी असते. हळूहळू वेळा कमी करत आणता येतात.

जाईजुई

मोजणी करून आले. पेरिओडोंटिस्टकडेच गेले ह्या वेळी. खालच्या पुढच्या दातांना ४ ते ६ मिमी, वर ३-४. एक्स-रेत खालचं हाड बरंच खाली आहे, स्पर्शबिंदूपासून अंदाजे ८ मिमी म्हणाल्या. वरच्या फटीत मात्र साधारण ६. हिरडीखाली अजून किटण होतं, ते भूल देऊन दोन बैठकांत काढलं. म्हणजे पहिली सफाई जास्त झाली असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात ती अपुरी होती.

हायल्युरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनने हिरडी फुगवून देतात असं एका ठिकाणी वाचलं. करावं का?

अबोली

लहान फट, हाड चांगलं, आजार आटोक्यात, अशा निवडक जागी थोडा फरक पडताना दिसतो. पण परिणाम सगळ्यांत सारखा नाही, पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं आणि हाड काही त्याने वाढत नाही. तुमच्या खालच्या ८ मिमीच्या फटीसाठी मी पैसे घालवू देणार नाही. हिरडी लावून शेंडा बांधण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत, पण एवढ्याशा जागेत रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे खात्री देता येत नाही. खूप दातांना मोठ्या फटी असतील तर गुलाबी रंगाची काढता-घालता येणारी हिरडीची पट्टीही करून मिळते, तुम्हाला तिची गरज नाही.

आता खरं काम तुमच्या हातात आहे: दातांमधला छोटा ब्रश. दोरा सपाट फटीसाठी ठीक, पण उघड्या मुळाच्या बाजूला खोलगट भाग असतात, तिथे दोरा वरून निघून जातो. ब्रशचे केस आत पोचतात. तार दाताला घासायला नको, केस मात्र बाजूंना टेकले पाहिजेत. प्रत्येक फटीला वेगळा नंबर लागू शकतो, डॉक्टरांकडून मापून घ्या. रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. रोज रात्री एकदा, पेस्ट न लावता, सरळ आत-बाहेर. पहिले आठ दिवस रक्त येईल, थांबू नका. काडी, पिन, केसाचा आकडा ह्यांना हात लावू नका.

जाईजुई

तीन महिन्यांनी लिहिते आहे, उशीर झाला.

रक्त पूर्ण थांबलं. तोंडाला येणारा वास, जो मला कळतच नव्हता आणि नवऱ्याने कधी बोलून दाखवला नव्हता, तो गेला. मोजणी पुन्हा झाली: खाली आता ३-४ मिमी, फक्त एका जागी ५. तीन महिन्यांची शुगर ८.४ वरून ७.६ झाली. गोळीही वाढवली होती, त्यामुळे किती श्रेय कशाचं ते सांगता येणार नाही, पण शुगरचे डॉक्टर म्हणाले की हिरडीची सूज गेल्याने मदत होतेच.

वरची फट अर्धी भरली! काहीच न लावता. पटाशीच्या दातांमध्ये हिरडीचा छोटा गुलाबी कोंब आला आहे. उरलेल्या जागेसाठी काँपोझिट करून घेतलं आणि माहेरवाशीण, खुर्चीवरच दोरा घालून पाहिला. सुळकन गेला.

खालचे त्रिकोण तसेच आहेत आणि मी ते तसेच ठेवले आहेत. बोलताना खालचा ओठ झाकतो. छोटा ब्रश आरामात जातो, आणि तिथे काही बुजवलं तर हीच वाट बंद होईल असं डॉक्टर म्हणाल्या. ते मला पटलं. पर्समध्ये एक ब्रश असतो, डबा खाल्ल्यावर शाळेच्या बेसिनवर दोन मिनिटं. गेल्या आठवड्यात एका सहशिक्षिकेने विचारलं हे काय, तर तिलाही नंबर मापून घ्यायला पाठवलं.

सह्यवारा

आईला घेऊन गेलो. चट्टा नाही, देवाची कृपा. पण एक्स-रेत खालच्या सहा दातांचं अर्ध्याहून जास्त हाड गेलेलं आहे. डॉक्टरांनी सफाईच्या आधी तिच्या हातात आरसा दिला आणि फटी दिसतील हे तिला मराठीत नीट समजावलं. ती म्हणाली, दिसू देत, दात राहू देत. पहिली बैठक झाली. मशेरी चार वेळांवरून दोनवर आली आहे. अबोलीताई, ती ६८ वर्षांची आहे, तिच्या बोटांना कंप आहे, छोटा ब्रश धरता येत नाही. काय करू?

अबोली

लांब दांड्याचा, वाकवलेल्या मानेचा ब्रश मिळतो, तो मुठीत धरता येतो. दांड्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. तरीही जमलं नाही तर पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र आहे, ते चिकट थर ब्रशइतका काढत नाही पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं. आणि पहिले काही दिवस रात्री तुम्हीच घालून द्या. समोर नाही, त्यांच्या मागे उभं राहायचं, त्यांचं डोकं आपल्या छातीला टेकवायचं, डाव्या हाताने खालचा ओठ खाली धरायचा. उजेड समोरून हवा.